अंडं जितकं ताजं, तितकं सोलायला खाष्ट

मामीच्या हातचा अंड्याचा रस्सा झणझणीत असायचा, पण त्यातली अंडी उंदरानं कुरतडल्यासारखी दिसायची. सकाळी खुराड्यातून काढलेली गावठी अंडी दुपारी चुलीवर चढायची आणि सोलताना टरफलाबरोबर अर्धं पांढरं निघून यायचं. ‘गावठी अंडं चिकटच असतं बाळा, ताकद असते त्यात,’ असं मामीचं म्हणणं. शहरात दुकानातून आणलेली पांढरी अंडी मात्र गुळगुळीत सोलली जायची, त्यामुळे मामीचं म्हणणं आम्हाला पटलेलंही होतं. खरं तर यात कोंबडीच्या जातीचा फारसा हात नाही. मामीची अंडी काही तासांची होती आणि दुकानातली काही दिवसांची, एवढाच फरक.

आपण म्हणतो टरफल चिकटलं. पण टरफल आणि पांढरं यांची गाठच पडत नाही. जवळपास 95 टक्के कॅल्शियम कार्बोनेट असलेल्या त्या टरफलाच्या आत दोन पापुद्रे असतात. बाहेरचा टरफलाला धरून, आतला पांढऱ्याला लागून. दोन्ही मिळून जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी. हे दोघे एकमेकांपासून दूर होतात ते फक्त अंड्याच्या बोथट टोकाला. कोंबडीच्या शरीराचं तापमान 41 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. अंडं बाहेर पडलं की थंड होतं, आतला ऐवज आक्रसतो आणि त्या टोकाला हवा आत ओढली जाते. उकडलेल्या अंड्याच्या एका बाजूला जो खळगा दिसतो, तो हवेच्या याच कप्प्याचा.

म्हणजे सोलताना आपलं खरं भांडण टरफलाशी नसून आतल्या पापुद्र्याशी असतं. त्यानं पांढऱ्याला सोडलं तर टरफल आपोआप त्याच्यासोबत येतं. त्यानं सोडलं नाही, तर नखांनी कितीही कोरा, पांढऱ्याचे लचकेच निघणार.

हा पापुद्रा कधी सोडतो, हे बरंचसं कार्बन डायऑक्साइडवर ठरतं. ताज्या अंड्याच्या पांढऱ्यात हा वायू विरघळलेला असतो. ताजं अंडं फोडून बघा, पांढरं किंचित धुरकट दिसेल. ती धुरकट छटा याच वायूमुळे येते. टरफलाला डोळ्यांना न दिसणारी हजारो छिद्रं असतात. त्यांतून हा वायू हळूहळू निसटत जातो, पांढरं नितळ होतं आणि त्याचा सामू चढू लागतो. आम्ल की अल्क हे सांगणारं मोजमाप म्हणजे सामू. 7 म्हणजे तटस्थ, खाली आम्ल, वर अल्क. घातल्या घातल्या अंड्याच्या पांढऱ्याचा सामू 7.6 च्या आसपास असतो, तो काही दिवसांत 9.2 पर्यंत जातो. खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवला तर त्या पाण्याचा सामू साधारण 8.3 भरतो. आठवडाभर बाहेर ठेवलेल्या अंड्याचं पांढरं सोड्याच्या पाण्यापेक्षाही जास्त अल्कधर्मी होऊन बसलेलं असतं! आपल्या ताटातले बहुतेक पदार्थ आम्लाच्या बाजूला झुकलेले असतात. इतकं अल्कधर्मी काही आपण क्वचितच खातो.

सामू कमी असताना पांढरं शिजलं, तर शिजता शिजता ते आतल्या पापुद्र्याला घट्ट धरतं. सामू साधारण 8.7 च्या पुढे गेला की ही पकड ढिली पडते. उन्हाळ्यात उघड्यावर ठेवलेल्या अंड्यांतून वायू लवकर जातो, फ्रिजमध्ये हेच काम रेंगाळतं. अमेरिकेत दुकानात जाणारी अंडी धुऊन, थंडगार ठेवून विकली जातात आणि काही ठिकाणी त्यांवर तेलाचा पातळ हात फिरवतात. तेलानं छिद्रं बुजतात, वायू आतच राहतो. अंडं जास्त दिवस टिकतं, पण सोलायला मात्र ताज्यासारखंच हट्टी राहतं. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात दारातच ट्रे रचलेले असतात. त्यावर नाक मुरडणाऱ्यांनी निदान या एका बाबतीत तरी वाण्याचे आभार मानावेत.

आता ज्याच्या दारात कोंबड्या आहेत, त्यानं काय करायचं? इथे दुसरा मुद्दा येतो आणि माझ्या मते तोच जास्त कामाचा आहे. अंडं थंड पाण्यात घालून पातेलं गॅसवर ठेवायचं, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. सोलण्याच्या दृष्टीनं तीच सगळ्यांत वाईट. पांढऱ्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी आणि दहा टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. गुंडाळीसारखी घडी घातलेली ही प्रथिनं उष्णतेनं उलगडतात आणि एकमेकांत गुंतून घट्ट होतात. पण सगळी एकदम नाही. काही 62 अंशांच्या आसपासच घट्ट व्हायला लागतात. निम्म्याहून जास्त वाटा असलेलं ओव्हाल्ब्युमिन मात्र 80 अंशांपर्यंत वाट बघतं. पाणी सावकाश तापत गेलं की उलगडलेल्या प्रथिनांना शेजारच्या पापुद्र्याशी सलगी करायला भरपूर वेळ मिळतो. उलट अंडं थेट उकळत्या पाण्यात सोडलं तर पांढऱ्याचा बाहेरचा थर झटक्यात आवळतो आणि पापुद्र्यापासून सुटा राहतो. कोमट तव्यावर ओतलेलं ऑम्लेट तवा धरून बसतं आणि चांगल्या तापलेल्या तव्यावरचं अलगद सुटून येतं, तसंच काहीसं. अमेरिकी पाककला लेखक केंजी लोपेझ-आल्ट यांनी तर यासाठी शेकडो अंडी उकडली आणि स्वयंसेवकांकडून सोलून घेतली. अंडं कसं उकडलं हे सोलणाऱ्याला ठाऊक नसायचं. गरम सुरुवातीपुढे बाकी बहुतेक युक्त्या फिक्या पडल्या.

फ्रिजमधलं अंडं उकळत्या पाण्यात टाकलं की फुटतं, ही तक्रार खरी आहे. बोथट टोकातली हवा एकदम फुगते आणि टरफलाला तडा जातो. अंडी अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवावीत आणि वरून टाकण्याऐवजी झाऱ्यावर ठेवून पाण्यात उतरवावीत. नाही तर सरळ वाफेवर उकडावीत. वाफ गार टरफलाला लागली की तिचं पाणी होतं, आणि तसं होताना एक ग्रॅम वाफ जवळजवळ 540 कॅलरी उष्णता सोडते (या कॅलरी भौतिकशास्त्रातल्या, डाएटवाल्यांच्या नव्हेत). त्यामुळे गरम सुरुवातही मिळते आणि उकळ्यांनी अंडी एकमेकांवर आपटतही नाहीत. इडलीपात्रात बारा मिनिटं पुरतात. मोदकपात्रही चालेल, पण त्याचे घरगुती परिणाम ज्याचे त्यानं भोगावेत. कुकरमध्ये बटाट्यांच्या जोडीला अंडी ढकलायची सवयही अनेक घरांत आहे. तिथे तापमान 120 अंशांच्या आसपास जातं, बटाटे होईपर्यंत पांढरं रबर होतं आणि बलकाभोवती हिरवट-करडं कडं येतं.

ते कडं म्हणजे आयर्न सल्फाइड. पांढऱ्यातल्या प्रथिनांत गंधक असतं, जास्त शिजलं की त्याचा हायड्रोजन सल्फाइड वायू होतो आणि बलकातल्या लोहाशी त्याचं जुळतं. अपाय काही नाही, दिसायला मात्र कळकट. गंमत अशी की पांढरं जितकं अल्कधर्मी, तितका हा वायू जास्त सुटतो. म्हणजे सोलायला सोपं असलेलं शिळं अंडं हिरवं पडायलाही तितकंच तयार असतं. म्हणून उकडून झाल्याबरोबर अंडी बर्फाच्या, निदान माठातल्या पाण्यात टाकावीत. शिजणं तिथेच थांबतं, आतलं किंचित आक्रसतं आणि पापुद्र्यापाशी थोडी जागा होते.

पाण्यात मीठ, व्हिनेगर, सोडा घालण्याचे सल्ले तुम्ही ऐकलेच असतील. दहा मिनिटांत मीठ टरफलापलीकडे जाऊन काही करून दाखवेल, ही आशा सोडा. तडा गेलेल्या अंड्यातून ओघळणारं पांढरं मात्र मिठानं आणि व्हिनेगरनं पटकन गोठतं, त्यांचा उपयोग तेवढाच. त्यातही व्हिनेगर आम्ल, आपल्याला तर हवा सामू चढलेला! सोड्याची दिशा बरोबर आहे, पण जे काम निसर्ग आठवडाभर करतो ते तो दहा मिनिटांत कसं उरकणार?

सोलायचं कसं, हे भुर्जीच्या गाडीवर उभं राहून बघावं. गाडीवाला अंडं आधी सगळीकडून हलकं आपटतो, तळव्याखाली एकदा फिरवतो आणि अंगठा नेमका बोथट टोकाशी घालतो. हवेचा कप्पा तिथेच असल्यामुळे पापुद्र्याखाली शिरायला वाट मिळते. निमुळत्या टोकाकडून सुरुवात करणारे आपण, मग वाकडंतिकडं निघालं की अंड्याला नावं ठेवतो. पाण्याच्या वाडग्यात बुडवून सोललं तर आणखी सोपं, पाणी पापुद्र्याखाली शिरतं.

घरातलं अंडं किती दिवसांचं आहे हे कळत नसेल तर ते पाण्यात सोडा. तळाशी आडवं पडलं तर ताजं. उभं राहिलं तर जुनं, उकडायला उत्तम. आतलं पाणी उडत जातं तसा हवेचा कप्पा मोठा होतो, म्हणून ते उभं राहतं. तरंगलंच तर वेगळ्या वाटीत फोडून वास घेतल्याशिवाय वापरू नका. आणि अगदी आजच्या अंड्याचं काय? ते हाफ फ्रायसाठी. त्याचं पांढरं दाट असतं, तव्यावर पसरत नाही आणि बलक घुमटासारखा उभा राहतो.

हे सगळं मागच्या सुट्टीत मामीला साग्रसंगीत सांगितलं. रश्श्यासाठी आठ दिवस आधीची अंडी बाजूला काढून ठेवत जा, म्हटलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘आठ दिवस अंडी शिल्लक राहायला घरात पोरं नसावी लागतात.’