पोपट नुसती पोपटपंची करतो? चूक आहे ते!

पोपट ऐकलेलंच बोलतो, त्याला अर्थ काही कळत नाही, हे आपण इतक्या वर्षांपासून ऐकतोय की 'पोपटपंची' हा शब्दच झालाय. पण आयरीन पेपरबर्ग यांचं काम वाचा जरा. हार्वर्डमधून केमिस्ट्रीत पीएचडी केलेल्या या बाईंनी 1977 मध्ये पेट शॉपमधून अ‍ॅलेक्स नावाचा आफ्रिकन ग्रे पोपट घेतला आणि पुढची 30 वर्षं त्याच्यावर अभ्यास केला. शिकवायची पद्धतही भारी, दोन माणसं त्याच्यासमोर एकमेकांना वस्तूचं नाव विचारायची, बरोबर सांगेल त्याला तीच वस्तू मिळायची, म्हणजे शब्द थेट वस्तूशीच जोडला जायचा. घोकंपट्टी नाहीच! अ‍ॅलेक्सला 100 च्या वर शब्द, रंग, आकार यायचे. आणि दोन वस्तू दाखवून मोठीचा रंग विचारला, पण दोन्ही सारख्याच असल्या, तर तो 'काहीच नाही' म्हणायचा. आता यात नक्कल कुठाय सांगा? हां, तो माणसासारखी भाषा बोलतो असा दावा पेपरबर्ग यांनीही कधी केला नाही, त्या याला दोन्ही बाजूंनी चालणारा संवाद म्हणतात. अ‍ॅलेक्स 2007 मध्ये गेला, फक्त 31 वर्षांचा होता. फार वाईट वाटतं. त्यांचं काम नंतर ग्रिफिन नावाच्या पोपटासोबत चालू राहिलं.