बिलाल इब्न रबाह

बिलाल इब्न रबाह : (सु. ५८०–सु. ६४०). इस्लामचे पहिले मुअज्जिन, म्हणजे नमाजाची बांग देणारे, आणि महंमद पैगंबरांचे निकटचे सहाबी (सहचर). जन्म मक्केचा. आई हमामा ही हबश म्हणजे आजच्या इथिओपियाकडची, म्हणून ‘बिलाल हबशी’ हे नाव रूढ झाले. मलिक अंबर आणि जंजिऱ्याचे सिद्दी यांच्यामुळे मराठीत घरचा झालेला ‘हबशी’ शब्द तो हाच.

बिलाल जन्माने गुलाम. कुरैश जमातीच्या जुमह कुळातला उमय्या इब्न खलफ हा त्यांचा धनी. पैगंबरांच्या सुरुवातीच्या अनुयायांपैकी ज्यांच्या मागे कूळ होते, त्यांच्यावर हात टाकायला मक्केतले विरोधक कचरत. गुलामाची बाजू घ्यायला कोणीच नव्हते. भर दुपारी उमय्या त्यांना तापलेल्या वाळूवर उताणे पाडी, छातीवर मोठा धोंडा ठेववी आणि लात व उज्जा या देवतांना मान म्हणे. बिलाल एवढेच म्हणत, ‘अहद, अहद’ (एकच, एकच). अखेर पैगंबरांचे सहाबी आणि पुढे पहिले खलिफा झालेले अबू बक्र यांनी त्यांना विकत घेऊन मुक्त केले. मोबदला काय दिला याविषयी कथा जुळत नाहीत. एका कथेत तर बदल्यात दुसरा गुलाम दिला असे आहे. पुढे खलिफा उमर म्हणत, ‘अबू बक्र आमचे सरदार, आणि त्यांनी आमच्या सरदाराला मुक्त केले.’

६२२ मध्ये मुसलमान मदिनेला गेले. तिथे अबू बक्र आणि बिलाल दोघेही तापाने फणफणले. ताप उतरला की बिलाल मोठ्याने कवन म्हणत: इध्खिर आणि जलील गवतात पुन्हा एक रात्र काढायला मिळेल का, मजन्नाचे पाणी प्यायला मिळेल का, शामा आणि तफीलचे डोंगर दिसतील का? इध्खिर म्हणजे मक्केकडचे सुवासिक गवत, आपल्या गवती चहाचे आणि रोशा गवताचे भाऊबंद. ज्या गावाने छातीवर धोंडा ठेवला, त्याच गावच्या गवताच्या वासासाठी हा माणूस झुरत होता. छळाच्या कथेपेक्षा या दोन ओळींतून बिलाल अधिक कळतात.

नमाजाची वेळ लोकांना कळवायची कशी, यावर मदिनेत खल झाला. कोणी शिंग सुचवले, कोणी ख्रिस्ती लोकांसारखा लाकडी ठोका. मग अब्दुल्लाह इब्न जैद यांनी स्वप्नात ऐकलेले शब्द सांगितले. पैगंबरांनी ते बिलालना शिकवायला सांगितले. कारण साधे होते, त्यांचा आवाज चांगला. मशिदीला तेव्हा मिनार नव्हता. जवळच नज्जार कुळातल्या एका बाईचे घर सर्वांत उंच होते, त्याच्या छतावरून पहाटेची बांग होई. त्या बाईची आठवण नोंदलेली आहे: बिलाल उजाडण्याआधीच छतावर येऊन बसत, फटफटले की आळस देत, मग कुरैशांनी ईश्वराचा धर्म उभा करावा म्हणून प्रार्थना करीत आणि त्यानंतर बांग देत. एकही दिवस ती प्रार्थना चुकल्याचे तिला आठवत नव्हते. कुरैश म्हणजे उमय्याचीच जमात. पहाटेच्या बांगेतले ‘झोपेपेक्षा नमाज बरी’ हे वाक्यही परंपरा बिलालांकडेच देते.

बद्रच्या लढाईत (६२४) उमय्या मारला गेला. कैद झालेल्या उमय्याला ओळखून आरोळी ठोकली ती बिलालांनीच. तिथे त्यांनी क्षमा केली नाही. ६३० मध्ये मक्का हाती आली, तेव्हा पैगंबरांनी त्यांना काबाच्या छतावरून बांग द्यायला सांगितली. प्रतिष्ठित कुरैशांपैकी काहींना ते फार लागले.

त्यांच्या सद्‌गुणांविषयीची प्रसिद्ध हदीस (पैगंबरांच्या वचनांची व कृतींची नोंद) मात्र पराक्रमाची नाही. ‘स्वर्गात मला तुझ्या पावलांचा आवाज ऐकू आला, असे तू काय करतोस?’ असे पैगंबरांनी विचारले. वुजू (नमाजापूर्वी हातपाय-तोंड धुणे) केले की जमेल तेवढी नमाज पढतो, एवढेच बिलालांनी सांगितले.

पैगंबरांच्या निधनानंतर (६३२) त्यांनी बांग देणे थांबवले. ‘मला स्वतःसाठी विकत घेतले असेल तर ठेवून घ्या, ईश्वरासाठी घेतले असेल तर जाऊ द्या’, असे अबू बक्रना सांगून ते सीरियात गेले. खलिफा उमर तिकडे आले असता त्यांच्या आग्रहावरून बिलालांनी एकदा बांग दिली आणि जमलेले लोक रडले, अशी आठवण सांगतात. मृत्यू सीरियातच झाला. दमास्कसच्या बाब अस्सगीर दफनभूमीत त्यांची कबर दाखवतात.

बिलालांना ‘श’ म्हणता येत नसे, पण त्यांचा ‘स’ ईश्वराला ‘श’च ऐकू येई, अशी एक लाडकी गोष्ट आहे. हदीस-पंडितांनी ती निराधार ठरवली आहे, आणि ते पटते: आवाजासाठी निवडलेल्या माणसाचा उच्चारच सदोष कसा? आफ्रिकेत त्यांचा वारसा वेगळ्या वाटेने गेला. मोरोक्कोतले ग्नावा गायक, ज्यांचे पूर्वज गुलाम म्हणून आणले गेले, त्यांना ‘सिदी बिलाल’ म्हणून आपले मानतात. मालीचे साम्राज्य उभारणारे केइता राजघराणे आपली वंशावळ बिलालांपासून सुरू करते.