बंब स्फोटाच्या आधीपासून होते

१४ एप्रिल जवळ आला की कोकणात, मुंबईत एक गोष्ट हमखास ऐकू येते: १९४४ साली गोदीत स्फोट झाला, मग इंग्रजांना जाग आली आणि मुंबईत अग्निशमन दल उभं राहिलं.

हे खरं नाही, आणि त्यासाठी जुनी दप्तरं उपसायचीही गरज नाही. त्या दिवशी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाची आग विझवताना दलाचे ६६ जण गेले. दलच नव्हतं, तर हे आले कुठून?

१८५५पासून आग विझवणं पोलिसांकडे होतं, तेही जोडकाम म्हणून; बंबाला घोडे जुंपलेले असत. १ एप्रिल १८८७ला स्वतंत्र दल झालं. पुढच्याच वर्षीच्या कायद्याने ती पालिकेची जबाबदारी ठरली. मोटारीवरचा बंब १९०७मध्ये आला. म्हणजे स्फोटाच्या वेळी दल सत्तावन्न वर्षांचं होतं.

जहाजात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता आणि त्याच्याच वर-खाली कापसाच्या गासड्या. (असा माल एकत्र भरू कोणी दिला, हा खरा विचारायचा प्रश्न.) दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला, चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. १४ ते २० एप्रिलचा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो या माणसांच्या स्मृतीसाठी, दलाच्या वाढदिवसासाठी नव्हे.