कुंडीच्या तळाशी खडी घातल्याने निचरा सुधारत नाही

गॅलरीत मिरची, पालक लावायचा म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला: तळाशी दोन इंच खडी घाला, पाणी साचणार नाही. होतं नेमकं उलटं. बारीक कणांची माती पाणी धरून ठेवते. ती चिंब होईपर्यंत पाणी खालच्या खडीत उतरतच नाही. त्यामुळे ओलीगच्च माती वर, थेट मुळांपाशी सरकते आणि मुळांची जागाही घटते. जून ते सप्टेंबरात २,००० मिलीमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या मुंबईत मिरची इथेच कुजते. शिवाय खिडकीच्या ग्रिलवर दगडांचं ओझं कशाला? माती वाहू नये म्हणून भोकावर एक खापरी पुरे. निचरा हवा असेल तर मातीतच जाडसर रेती आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा, आणि पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढून ठेवा.