शेअर कुठे घ्यायचा, बीएसईवर की एनएसईवर?

(डिमॅट खातं नव्यानं उघडलेल्या आमच्या ग्राहकांसाठी)

पहिली ऑर्डर टाकायला बसलं की स्क्रीनवर एकच कंपनी दोनदा दिसते. भावात फरक असतो तो काही पैशांचा. मग आम्हाला फोन येतो, "यातला खरा शेअर कुठला?" दोन्ही खरेच. शेअर एकच, बाजार दोन.

थोरला बाजार बीएसई, म्हणजे मुंबई शेअर बाजार (बॉम्बे स्टॉक एक्स्चेंज). 1850 च्या दशकात मुंबईच्या टाऊन हॉलसमोर वडाच्या झाडाखाली दलाल जमायचे, त्यांनी 1875 मध्ये संघटना बांधली, तीच ही. पुढे दलाल स्ट्रीटवरच्या इमारतीत भर गर्दीत ओरडून, हातवारे करून सौदे होत. एनएसईची, म्हणजे नॅशनल स्टॉक एक्स्चेंजची, स्थापना 1992 ची. तिनं 1994 मध्ये थेट संगणकावर शेअरचे सौदे सुरू केले आणि काही महिन्यांतच, 1995 मध्ये, बीएसईलाही स्क्रीनवर यावं लागलं. (पुण्यातही एके काळी स्वतंत्र शेअर बाजार होता. स्क्रीनवरचे सौदे सगळीकडे पोचल्यावर अशा प्रादेशिक बाजारांना काम उरलं नाही.) बीएसई आणि एनएसई, दोघांवरही देखरेख सेबी या नियामक संस्थेचीच.

सेन्सेक्स आणि निफ्टी हे बाजार नव्हेत, निर्देशांक आहेत, म्हणजे काही निवडक कंपन्यांच्या भावांवरून काढलेले आकडे. सेन्सेक्स बीएसईवरच्या 30 कंपन्यांचा, निफ्टी एनएसईवरच्या 50 कंपन्यांचा. सेन्सेक्स चढला म्हणजे तुमचा शेअर चढलाच, असं नाही.

आता मूळ प्रश्न. मोठ्या, रोज भरपूर उलाढाल असलेल्या कंपन्यांत कुठेही घ्या, फार फरक पडत नाही. तरी आम्ही सहसा एनएसई सुचवतो, कारण बहुतेक शेअरमध्ये तिथे घेणारे-विकणारे जास्त असतात. पण अनेक छोट्या कंपन्या फक्त बीएसईवरच नोंदलेल्या आहेत, तिथे निवडीचा प्रश्नच येत नाही. खरी काळजी घ्यायची ती इथे. समजा, एका शेअरचा शेवटचा सौदा 100 रुपयांना झाला, पण आत्ता विकणारा एकच आहे आणि तो 106 मागतोय. तुम्ही भाव न घालता 'मार्केट' ऑर्डर टाकलीत, तर तो शेअर 106 लाच गळ्यात पडेल. म्हणून ऑर्डर देण्याआधी स्क्रीनवरचे खरेदी-विक्रीचे पाच-पाच भाव आणि त्यापुढची शेअरची संख्या बघा. उलाढाल कमी दिसली तर 'लिमिट' ऑर्डरच टाका, म्हणजे जास्तीत जास्त किती भाव द्यायचा ते स्वतः घालून. सौदा झाला नाही तरी चालेल, भलत्या भावात होऊ नये.

घेतलेला शेअर दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी डिमॅटमध्ये येतो. एकदा तिथे आला की तो कुठून घेतला याला महत्त्व नाही. बीएसईवर घेतलेला एनएसईवर विकता येतो, उलटही. मात्र आज एकीकडे घेऊन आजच दुसरीकडे विकायचा विचार असेल, तर आधी आम्हाला विचारा.

दोन्हीकडे नेहमीचे सौदे सकाळी 9:15 ते दुपारी 3:30. शनिवार-रविवारी आणि बाजाराच्या ठरलेल्या सुट्यांना बंद. लक्ष्मीपूजनाला मुहूर्ताचे सौदे तेवढे होतात. सोनं, चांदी, कच्चं तेल यांच्या वायद्यांसाठी (पुढच्या तारखेच्या व्यवहाराचा भाव आज ठरवणाऱ्या सौद्यांसाठी) एमसीएक्स हा वेगळा बाजार आहे. नवख्यानं तिकडे घाईनं वळू नये, असं आमचं स्पष्ट मत.

सौदा झाल्यावर 24 तासांत कॉन्ट्रॅक्ट नोट ईमेलवर येते. कुठल्या बाजारात, किती वाजता, कोणत्या भावानं आणि किती दलाली लागून सौदा झाला, हे सगळं तीत असतं. ती उघडून स्वतः वाचा. तुम्ही न सांगितलेला सौदा त्यात दिसला, तर त्याच दिवशी आम्हाला लेखी कळवा.