रक्त थांबलं, मग बोट ठणकतं कशाला?

गेल्या आठवड्यात लालबागच्या आमच्या घरी विळीवर पापलेट साफ करताना आईचं बोट कापलं. तिने ते आधी तोंडात घातलं, मग नळाखाली धरलं, मग वर हळद दाबली. पाच मिनिटांत रक्त थांबलं. संध्याकाळी मात्र बोट लाल, गरम आणि चांगलंच सुजलेलं. “आता रक्त थांबलंय ना, मग ठणकतंय कशाला?” तिने विचारलं.

खरं तर ते रक्त थांबल्यामुळेच ठणकत होतं.

कातडीखाली, सांध्यांत, स्नायूंच्या आवरणांत फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी असतात. कोलॅजनचे धागे तयार करून शरीराला धरून ठेवणाऱ्या संयोजी ऊती त्याच घडवतात. एरवी त्या बऱ्याचशा निवांत असतात. त्यांना जाग कशाने येते, याचा धागा १९७४ साली सापडला. अमेरिकेत रसेल रॉस आणि सहकाऱ्यांनी धमनीच्या भिंतीतल्या पेशी वाढवताना पाहिलं, की गोठलेल्या रक्तातून निघालेलं पाणी, म्हणजे सिरम, घातलं तर पेशी भराभर वाढतात. पण रक्त गोठू न देता, प्लेटलेट (रक्त गोठवणारे पेशींचे बारीक तुकडे) काढून घेतलेला प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव, घातला तर ढिम्म राहतात. वाढीचा निरोप प्लेटलेटच्या पोटात होता. रक्त गोठताना तो बाहेर सांडतो आणि फायब्रोब्लास्टनाही जागं करतो. त्या प्रथिनाला पुढे पीडीजीएफ हे नाव मिळालं. पेशींना वाढायला लावणाऱ्या अशा प्रथिनांना वृद्धीघटक म्हणतात. अशाच दुसऱ्या वृद्धीघटकाचा, ईजीएफचा, शोध स्टॅन्ले कोहेन यांना उंदराच्या लाळग्रंथीत लागला आणि १९८६ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. तो माणसाच्या लाळेतही असतो. (म्हणून कापलेलं बोट तोंडात घालावं असं नाही, तिथे जंतूही भरपूर असतात.)

वृद्धीघटक पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहीला (निरोप झेलणाऱ्या प्रथिनाला) चिकटला, की दोन ग्राही जोडीने एकत्र येतात आणि एकमेकांवर फॉस्फेट चढवतात. तिथून निरोप एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जात केंद्रकापर्यंत पोचतो. पेशीविभाजनाची तयारी सुरू होतेच, पण त्याच्याही आधी, तासाभराच्या आत, एक वेगळंच जनुक जागं होतं: कॉक्स-२. त्यापासून त्याच नावाचं विकर (एन्झाइम) बनतं. ते पेशीच्या पटलातल्या मेदाम्लापासून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं बनवण्याची पहिली पायरी पार पाडतं. प्रोस्टाग्लँडिनमुळे रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून लाली आणि ऊब. मज्जातंतू हळवे होतात, म्हणून ठणका. अ‍ॅस्पिरिन नेमकं हेच उत्पादन बंद पाडतं, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. कॉक्स-२ स्वतः हाती लागलं ते मात्र १९९१ मध्ये, आणि तेही दाहाच्या, म्हणजे या लाली-सूज-ठणक्याच्या नव्हे, पेशींच्या वाढीच्या अभ्यासातून. दुरुस्ती आणि दाह यांचा हुकूम एकाच दारातून येतो, हे तेव्हा उलगडू लागलं.

मला यातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते ती या हुकमाचं आयुष्य. कॉक्स-२ चा संदेश ज्या आरएनएवर, म्हणजे जनुकाच्या तात्पुरत्या नकलेवर, उतरतो, त्याच्या शेपटाकडे ए आणि यू या अक्षरांची गर्दी असते. ती म्हणजे ‘मला लवकर फाडून टाका’ अशी खूण. बाहेरून इशारे येत राहिले तर तो संदेश थोडा वेळ टिकवला जातो. इशारे थांबले, की तो कापला जातो. म्हणून ठणका दोन दिवसांत उतरतो.

दाहाला आपण शत्रू मानतो, पण तेही अर्धवट आहे. पीजीई-२ हे प्रोस्टाग्लँडिन फायब्रोब्लास्टलाच आवर घालतं: फार वाढू नका, फार कोलॅजन टाकू नका. फुप्फुसं तंतुमय होऊन कडक पडण्याचा एक गंभीर आजार आहे. त्या रुग्णांच्या फुप्फुसांतले फायब्रोब्लास्ट कॉक्स-२ पुरेसं बनवू शकत नाहीत, असं आढळलं आहे. हा लगाम सुटतो; टीजीएफ-बीटा हा दुसरा वृद्धीघटक तर कोलॅजन वाढवतो आणि ते तोडणाऱ्या विकराला दाबतो. श्वास कोंडेपर्यंत धागे साचत जातात.

आईच्या बोटाची सूज तिसऱ्या दिवशी ओसरली. आता खपली धरली आहे आणि तिथे खाज सुटते म्हणून आईची चिडचिड चालू आहे. खपलीखाली घाईने टाकलेलं कोलॅजन काढून त्या जागी पक्कं घालण्याचं काम अजून काही महिने चालेल. खोल जखमेचा व्रण सगळी दुरुस्ती झाल्यावरही मूळच्या कातडीच्या जेमतेम ८० टक्के मजबूत होतो.