सर्टिफिकेट आलं म्हणजे विमानाची ऑर्डर आली?

'एएस ९१०० सर्टिफिकेट घ्या, विमानाच्या पार्टच्या ऑर्डरी आपोआप येतात' हा मेसेज सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या ग्रुपांवर अधूनमधून फिरत असतो. तसं वाटणं साहजिक आहे, कारण सर्टिफिकेट नसेल तर बरेच मोठे खरेदीदार कोटेशनसुद्धा मागवत नाहीत.

पण ते सर्टिफिकेट तुमच्या कामाच्या पद्धतीला मिळतं, पार्टला नाही. आयएसओ ९००१ या गुणवत्तेच्या सर्वसाधारण मानकाच्या अटी आणि त्यावर विमान-उद्योगाच्या जादा अटी, एवढाच त्याचा अर्थ. पार्टची मंजुरी वेगळी. मी याच क्षेत्रात अकाउंट मॅनेजर आहे, म्हणजे ग्राहक-कंपन्या सांभाळणं हे माझं काम. लोकांना वाटतं गोड बोलणं हेच आमचं काम, प्रत्यक्षात दिवस कागदांत जातो. उदाहरणार्थ साधा ब्रॅकेट (आधार देणारा धातूचा तुकडा) घ्या. ड्रॉइंगवरच्या प्रत्येक मापाला गोल करून नंबर द्यायचा, पहिल्या नगावर ते माप घेऊन तक्त्यात भरायचं, सोबत धातूच्या हीट नंबरचा (धातू ज्या ओतीतून आला तिचा नंबर) दाखला जोडायचा. याला फर्स्ट आर्टिकल इन्स्पेक्शन म्हणतात. एक नंबर सुटला की फाइल परत! ऑटो पार्टवर हात बसलेल्या आपल्या कारागिरांना मापं जड जात नाहीत, हा तक्ता जातो. हीट ट्रीटमेंट किंवा प्लेटिंग बाहेर दिलं, तर त्या शॉपलाही बहुधा वेगळी मान्यता लागते.

पडताळायचं असेल तर सर्टिफिकेटवरची 'स्कोप' ही ओळ वाचा. तिथे 'मशीनिंग' वगैरे कामाचं वर्णन असतं, मंजूर पार्टची यादी नसते. मग विमान-पार्टची एखादी परचेस ऑर्डर मिळवून तिच्यातल्या क्वालिटी अटी बघा. कधीकधी त्या ड्रॉइंगपेक्षा जास्त पानं खातात.